आधारपेशी आणि रक्तवाहिन्यांची वाढ

मेंदूत आणि डोळ्याच्या दृष्टिपटलात चेतापेशींच्या सोबतीला असणाऱ्या पेशींना आधारपेशी किंवा ग्लिया म्हणतात. रुडोल्फ फिरखो यांनी १८५६ मध्ये त्यांना चेतापेशी जोडून ठेवणारा सरस मानून हे नाव दिले. मात्र रक्तवाहिन्या कोठे, कधी व किती वाढाव्यात हे ठरवण्यातही या पेशींचा मोठा वाटा असतो, हे आता स्पष्ट झाले आहे. मेंदूत मायक्रोग्लिया या प्रकारच्या आधारपेशी वाढत्या रक्तवाहिन्यांची टोके एकमेकांना जुळवून देतात, तर ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या आधारपेशींचे, म्हणजे ताराकार पेशींचे, पायांसारखे फाटे वाहिन्यांना चहूबाजूंनी वेढून असतात.

हे काम सर्वांत उघडपणे दिसते ते दृष्टिपटलात. गर्भाच्या साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत तेथे रक्तवाहिन्या नसतात. मग ताराकार पेशी दृष्टिचेतेच्या मुळापासून कडेकडे पसरत जाळे विणतात आणि दोडक्याचा वेल मांडवावर चढावा तशा रक्तवाहिन्या त्या जाळ्यावरून पुढे सरकतात. ऑक्सिजन कमी पडला की या पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन स्रवतात, त्याच्या दिशेने वाहिनीचे टोक वळते, आणि रक्त पोचून ऑक्सिजन वाढला की स्रवणे आपोआप मंदावते. जाळे कडेपर्यंत पोचायला जवळपास पूर्ण नऊ महिने लागतात.

म्हणूनच दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत हा क्रम बिघडू शकतो. जीव वाचवण्यासाठी दिलेला ऑक्सिजन प्रमाणाबाहेर गेल्यास व्हीईजीएफ घटते व वाहिन्यांची वाढ थांबते. पुढे दृष्टिपटलाची गरज वाढली की ताराकार पेशी आणि दृष्टिपटलातल्याच म्युलर नावाच्या आधारपेशी ते प्रथिन अतोनात स्रवतात, वेड्यावाकड्या नाजूक वाहिन्या वाढतात आणि त्यांच्या ताणाने दृष्टिपटल सुटून कायमचे अंधत्व येऊ शकते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील मराठी घरांत ‘बाळ पेटीत आहे’ एवढे सर्वांना ठाऊक असते. त्या बाळाचे डोळे वेळेत तपासायचे असतात, हे तितकेसे ठाऊक नसते. भारतातील मार्गदर्शक सूचनांनुसार २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाची ही तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत, आणि फारच लवकर जन्मलेल्याची दोन-तीन आठवड्यांतच व्हावी लागते. कर्नाटकात २००८ पासून बंगळुरूच्या नारायण नेत्रालयाचा किड्रॉप उपक्रम चालतो. त्यात प्रशिक्षित तंत्रज्ञ गावोगावच्या नवजात कक्षांत कॅमेऱ्याने दृष्टिपटलाची छायाचित्रे घेतात व ती दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवतात. वेळेत निदान झाल्यास लेझरने किंवा व्हीईजीएफला रोखणाऱ्या इंजेक्शनने बहुतेक डोळे वाचवता येतात. घरी परतताना मिळालेला कागद इंग्रजीत आणि तोंडी सूचना कन्नडमध्ये असेल, तर तपासणीची तारीख मराठीत लिहून मागून घेणे हे अतिशय महत्त्वाचे आहे, कारण बिघाड आतल्या पडद्यावर असतो आणि सुरुवातीला बाळाचा डोळा बाहेरून अगदी नितळ दिसतो.