संरक्षक हँडगनची निवड : रानातील व दैनंदिन

स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल बाळगण्याची प्रथा अमेरिकेत रूढ आहे. मात्र शहरात उपयोगी पडणारे शस्त्र अलास्का, मोंटाना किंवा वायोमिंगमधील तपकिरी अस्वलांच्या मुलखात तितकेच उपयोगी ठरेल असे नाही.

फरकाचे मूळ गोळीच्या कामात आहे. माणसापासून बचावासाठी बहुधा ९ मिमी पॅराबेलम काडतूस आणि शरीरात शिरताच फुलणारी पोकळ टोकाची गोळी निवडतात. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेच्या कसोटीनुसार ती शरीराच्या मांसाऐवजी चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनच्या ठोकळ्यात सुमारे ३० ते ४५ सेंमी शिरावी लागते. त्याहून खोल गेल्यास ती आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका असतो. अंगावर धावून येणाऱ्या अस्वलाच्या बाबतीत मात्र हेच फुलणे नडते, कारण जाड कातडी, चरबी आणि हाडे भेदून मेंदूपर्यंत किंवा पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच गोळीचा जोर ओसरू शकतो. म्हणून तेथे कठीण मिश्रधातूची, सपाट टोकाची, न फुलणारी गोळी पसंत केली जाते.

पूर्वी या कामासाठी .४४ मॅग्नम हे जोरदार काडतूस झाडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा दबदबा होता. १९८३ मध्ये आलेल्या १० मिमी ऑटो काडतुसाची ताकद त्याहून कमी असली, तरी ग्लॉक २० पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या पेटीत, अशी १५ काडतुसे मावतात. ग्रीनलंडमधील डॅनिश सिरियस गस्तीपथक हेच पिस्तूल वापरते. २००३ मधील .५०० मॅग्नमसारखी काडतुसे कागदावर भारी वाटतात, पण त्यांच्या धक्क्याने नळी इतकी उसळते की दुसरी गोळी नेमकी झाडण्यास उशीर होतो, आणि अस्वल ताशी ५० किमीच्या आसपास वेगाने धावते. सराव नसलेल्याच्या हाती असे शस्त्र निरुपयोगीच म्हणावे लागेल.

बाळगण्याची रीतही वेगळी असते. शहरात शस्त्र कपड्यांआड लपावे म्हणून ते आटोपशीर व हलके घेतात. रानात कमरेवरचे होल्स्टर (शस्त्र ठेवण्याचे म्यान) पाठपिशवीच्या पट्ट्याखाली दबते, त्यामुळे अनेक जण ते छातीवर बांधतात. मासेमारीसाठी पाण्यात उतरलेल्यालाही तेच सोयीचे पडते.

तरीही रानात हँडगन हा पहिला उपाय मानला जात नाही. स्मिथ व हेरेरो या संशोधकांच्या २००८ मधील अलास्काविषयक अभ्यासात, मिरचीच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलांना रोखण्यात ९२ टक्के घटनांत यश आल्याचे आढळले.

भारतात ही निवड सामान्य नागरिकापुढे क्वचितच येते. हँडगनसाठी शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही.