इलेक्टिव्हवरचा विद्यार्थी आणि इंटर्न

मिरजेतल्या एखाद्या रुग्णालयात सकाळच्या राउंडला पांढऱ्या कोटातले दोघे शेजारी शेजारी उभे असतात. एक तासगावचा, एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास होऊन इंटर्नशिप करणारा. दुसरी इंग्लंडहून सहा आठवड्यांच्या इलेक्टिव्हसाठी, म्हणजे पदवीआधीच्या ऐच्छिक शिक्षणासाठी, आलेली विद्यार्थिनी. नातेवाइकांच्या लेखी दोघेही डॉक्टरच, आणि त्यातही आशेने पाहिले जाते ते पाहुणीकडे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय उभे केले, तेव्हापासून परदेशी चेहरा म्हणजे मोठा सर्जन हा समज या भागात मुरला असावा. प्रत्यक्षात त्या दोघांपैकी डॉक्टर होण्याच्या अधिक जवळ आहे तो तासगावचा मुलगा.

इंटर्नशिप परीक्षेनंतरची असते आणि ती बारा महिन्यांची सक्तीची असते. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी झाल्यावरच इंटर्नची ड्यूटी सुरू होते. वेगवेगळ्या विभागांतून फिरून ती पूर्ण केल्याशिवाय कायम नोंदणी मिळत नाही. त्याला विद्यावेतन मिळते. तो सलाईन लावतो, टाके घालतो, रात्रपाळी करतो, मात्र हे सर्व वरिष्ठांच्या देखरेखीखाली, आणि वैद्यकीय दाखला किंवा मृत्यूचा दाखला त्याला स्वतःच्या सहीने देता येत नाही.

इलेक्टिव्ह ही पदवीच्या आधीची, विद्यार्थ्याने स्वतः निवडलेली शिकण्याची मुदत आहे. ब्रिटनमधील अनेक विद्यार्थी अखेरच्या वर्षांत त्यासाठी नेपाळ, टांझानिया, मलावी किंवा भारत निवडतात. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च बहुधा त्यांचा त्यांनाच करावा लागतो, पुष्कळदा यजमान संस्थेला शुल्कही द्यावे लागते. आपल्याकडेही २०१९ च्या अभ्यासक्रमापासून एमबीबीएसमध्ये इलेक्टिव्ह आली असल्याने शब्दांचा गोंधळ आणखी वाढला आहे. परंतु नाव तेच असले तरी इंटर्नशिपची जागा ती घेत नाही.

फरक खरा कळतो तो साप चावलेला रुग्ण आल्यावर. उसाच्या फडातून आणलेल्या माणसाच्या पायावर सूज चढत असते, आणि साप घोणस होता की दुसरा कोणता, हे आणणाऱ्यांपैकी कोणालाच नीट सांगता येत नाही. इंटर्न शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढून ते कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतो आणि नळी वीस मिनिटे न हलवता उभी ठेवतो. मुदत संपल्यावर ती एकदाच कलती करायची; रक्त पाण्यासारखे वाहिले तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे असे समजून प्रतिविषाची तयारी होते. या साध्या चाचणीला काचेचीच नळी लागते, प्लास्टिकची चालत नाही. इंग्लंडच्या विद्यार्थिनीने ही चाचणी बहुधा कधी पाहिलेली नसते, आणि तिच्या सहा आठवड्यांचे सार्थक अशाच ठिकाणी होते. तिने नळीकडे पाहावे, वेळ नोंदवावी, प्रश्न विचारावेत. प्रतिविष देण्याचा निर्णय मात्र ती नोंदणीकृत डॉक्टरांवरच सोडते.

गरीब देशात ‘हाताला काम जास्त मिळते’ असे सांगून इलेक्टिव्हची जाहिरात केली जाते, ती मला पटत नाही. स्वतःच्या देशात जी प्रक्रिया करण्याची परवानगी नाही, ती इथे गर्दी आहे म्हणून करणे म्हणजे रुग्णाच्या अंगावर सराव करणे होय. धोका त्या विद्यार्थिनीलाही आहेच: सुई टोचली तर एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, म्हणून अनेक जण ती सामानातच घेऊन येतात.

इंटर्नच्या वाट्याला यात एक बिनपगारी काम येते, ते म्हणजे दुभाष्याचे. ‘डाक्टर, पोटात कळ येतीया, अन् अंग मोडून आलंय’ हे वाक्य त्याने इंग्रजीत सांगेपर्यंत ओपीडीच्या दारात आणखी चार केसपेपर येऊन पडतात. म्हणून पाहुणी येण्यापूर्वीच, तिला कोण आणि किती वेळ शिकवणार, हे विभागप्रमुखांनी ठरवून द्यावे. आणि पहिल्या राउंडलाच रुग्णाला मराठीत सांगावे: ‘आजी, या अजून डॉक्टर झालेल्या नाहीत, शिकायला आल्या आहेत, तुमचे पोट तपासू दिले तर चालेल का?’ आजी ‘नको’ म्हणाल्या, तर राउंड पुढच्या खाटेकडे सरकतो.