कोयनेलच्या झाडामागचा माणूस

हिवतापावरच्या त्या कडूजहर औषधाला आपल्याकडच्या जुन्या पिढीने 'कोयनेल' म्हटले. हे क्विनाईन सिंकोनाच्या सालीतून निघते, आणि सिंकोना मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तो भारतात लावायचे ब्रिटिश सरकारने ठरवले, तेव्हा क्लेमेंट्स मार्कहॅम यांच्या मोहिमेत सर्वांत फलदायी ठरले ते रिचर्ड स्प्रूस यांचे काम. यॉर्कशायरमधल्या शाळामास्तरांचा हा मुलगा १८४९ पासून त्या खंडात वनस्पती गोळा करत हिंडत होता.

त्याला पगार नव्हता, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. वाळवलेले नमुने तो बोटीने इंग्लंडला धाडी. तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज बेंथॅम त्यांचे संच लावून वर्गणीदारांना वाटत. भाव शंभर नमुन्यांना २ पौंड. म्हणजे जे नीट वाळले नाही, त्याचे काहीच मिळायचे नाही. आणि अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात वाळणे हीच मोठी अडचण! दाबून ठेवलेल्या प्रत्येक फांदीखालचे ओले कागद पुन्हा पुन्हा बदलायचे, ते उन्हात टाकायचे, ऊन नसेल तर आगीवर शेकायचे. बुरशीने, मुंग्यांनी महिन्याची मेहनत पाहता पाहता जाई. उंच झाडांची फुले हाती यायची तर पुष्कळदा झाडच पाडावे लागे. शोधाच्या रोमांचक गोष्टी आपण वाचतो, पण या माणसाचे बरेचसे आयुष्य कागद सुकवण्यात गेले, आणि मला त्याचीच थोरवी जास्त वाटते. नावाडी, वाटाडे, झाडांवर चढणारे स्थानिक लोक नसते तर त्याच्या पेटाऱ्यात फारसे काही आलेही नसते. त्यांपैकी बहुतेकांची नावे मात्र कुठेच नाहीत.

१८५४ मध्ये ओरिनोको नदीकाठच्या मायपुरेस गावी त्याला हिवतापाने गाठले. ३८ दिवस तो अंथरुणाला खिळला. देखभालीला ठेवलेली बाई त्याच्या मरणाची उघड वाट पाहत होती. तो वाचला तो क्विनाईनमुळे. ज्या झाडाच्या सालीने जीव राखला, त्याच झाडाचे काम काही वर्षांनी त्याच्याकडे आले.

१८६० च्या एप्रिलमध्ये, इक्वेडोरमध्ये असताना, त्याची पाठ आणि पाय अचानक लुळे पडले. तरी तो चिंबोराझो पर्वताच्या पश्चिम उतारावरच्या लिमोन इथे गेला. तांबड्या सालीच्या सिंकोनाचे रान तिथे होते. बिया पिकेपर्यंत तिथेच मुक्काम. जवळपास १ लाख बिया जमल्या. लंडनजवळच्या क्यू इथल्या वनस्पती-बागेतून आलेले माळी रॉबर्ट क्रॉस यांनी कलमांतून रोपे वाढवली. ती काचेच्या बंद पेट्यांत घालून तराफ्यावरून ग्वायाकिल बंदराकडे निघाली. वाटेत पुराच्या ओढीने तराफा काठच्या झाडांवर आदळला, पण रोपे बचावली. ६३७ रोपे जहाजावर चढली.

या बिया-रोपांतून निलगिरीत उटकमंडच्या आसपास मळे उभे राहिले. आपल्या महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही सिंकोनाची लागवड करून पाहिली, ती काही तग धरू शकली नाही. पुढे जावामध्ये डचांनी वाढवलेल्या दुसऱ्या जातीत क्विनाईन कितीतरी जास्त निघाले आणि बाजार तिकडे गेला.

स्प्रूसच्या हाती काय आले? १८६१ मध्ये ग्वायाकिलची पेढी बुडाली, तिच्यात त्याची सुमारे ७०० पौंडांची पुंजी गेली. १८६४ मध्ये तो कायमचा आजारी होऊन मायदेशी परतला. सरकारने वर्षाला ५० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. भारताच्या तिजोरीतून आणखी ५० पौंड मिळायला १८७७ उजाडले, तेही मार्कहॅम यांनी पाठपुरावा केला म्हणून.

यॉर्कशायरमधल्या कॉनिस्थॉर्प गावच्या लहानशा घरात, मेजाशी फार वेळ बसवत नसतानाही, तो आपल्या आवडत्या लिव्हरवर्टकडे वळला. ओल्या खडकावर, झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या या इवल्या वनस्पतींना बाजारात किंमत नव्हती. अ‍ॅमेझॉन आणि अँडीजमधल्या त्यांच्या जातींवरचा त्याचा ग्रंथ १८८४-८५ मध्ये पुरा झाला. २८ डिसेंबर १८९३ रोजी तो तिथेच वारला.