विज्ञान प्राध्यापकांसाठी रिफ्रेशर कोर्स: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

कॅसची, म्हणजे करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम या पदोन्नती योजनेची फाइल जुळवताना महाविद्यालयातल्या बहुतेक प्राध्यापकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. रिफ्रेशर, म्हणजे आपल्या विषयाची उजळणी करून घेणारा कोर्स, झाला आहे का, झाला असेल तर योग्य काळात झाला आहे का, आणि छाननी समिती तो धरेल का? विज्ञान शाखेत याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला जावा असं मला मनापासून वाटतं: या दोन आठवड्यांतून माझ्या प्रयोगशाळेत नवीन काय येणार आहे? नियम नीट माहीत असले, तर पदोन्नती आणि प्रयोगशाळा या दोन्हींचं काम एकाच कोर्समध्ये होऊ शकतं.

खाली दिलेल्या अटी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) १८ जुलै २०१८ च्या विनियमांतल्या आहेत. महाराष्ट्राने ते ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू केले. ही माहिती अनुदानित महाविद्यालयांतल्या पूर्णवेळ सहायक प्राध्यापकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

कोणत्या टप्प्याला काय लागतं

लेव्हल म्हणजे वेतनस्तर. सहायक प्राध्यापकाच्या सुरुवातीच्या लेव्हल १० वरून ११ वर जाताना पीएचडी असेल तर ४ वर्षं, एमफिल असेल तर ५ आणि दोन्ही नसतील तर ६ वर्षांची सेवा लागते. त्यासोबत अध्यापन पद्धतीवरचा २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स हवाच. हल्ली त्याच्या जागी ‘गुरुदक्षता’ हा फॅकल्टी इंडक्शन प्रोग्रॅम होतो. शिवाय एक रिफ्रेशर किंवा संशोधन पद्धतीचा कोर्स केला की प्रशिक्षणाची दुसरी अटही पुरी होते.

लेव्हल ११ वरून १२ साठी ५ वर्षांची सेवा आणि त्याच ५ वर्षांत विनियमांच्या यादीतल्या कोणत्याही दोन गोष्टी लागतात. बहुतेक जण इथे दोन रिफ्रेशर करतात. प्रत्येक कोर्स किमान दोन आठवड्यांचा, म्हणजे १० दिवसांचा असावा. लेव्हल १२ वरून १३ए वर, म्हणजे सहयोगी प्राध्यापक होताना, ३ वर्षांची सेवा, पीएचडी आणि असा एक कोर्स लागतो. या शेवटच्या दोन टप्प्यांत १० दिवसांच्या एका कोर्सऐवजी किमान ५ दिवसांचे दोन कोर्स चालतात. ही सवलत अनेकांना माहीत नसते. ज्यांना सलग दोन आठवडे महाविद्यालय सोडता येत नाही, त्यांना ती फार उपयोगी आहे.

दोन किंवा तीन दिवसांच्या कार्यशाळा या हिशेबात बसत नाहीत. राष्ट्रीय परिसंवादाच्या प्रमाणपत्रांचा कितीही जाड गठ्ठा असला तरी तो रिफ्रेशरची जागा घेत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती कालावधीची अट. कोर्स त्या त्या टप्प्याच्या मूल्यांकन काळात झालेला असावा लागतो. लेव्हल १० ला असताना केलेला जास्तीचा रिफ्रेशर पुढच्या लेव्हलसाठी राखून ठेवता येत नाही, आणि एकच प्रमाणपत्र दोन टप्प्यांना लावता येत नाही. पाच वर्षं पुरी झाल्यावर कोर्स केला, तर पदोन्नती रद्द होत नाही, पण अट ज्या दिवशी पुरी झाली त्या दिवसापासूनच ती मिळते. मधल्या महिन्यांच्या वेतनफरकावर पाणी सोडावं लागतं आणि पुढच्या सगळ्या टप्प्यांच्या तारखाही सरकतात. म्हणून नवीन लेव्हल लागली की पहिल्या दोन वर्षांतच एक कोर्स उरकून घ्यावा.

अर्ज कुठे करायचा

१९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं सुरू झाली. २०१५ मध्ये त्यांना मानव संसाधन विकास केंद्र म्हणू लागले आणि २०२३ पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. नावं तीन झाली, पण जुन्या प्रमाणपत्रांवरची आधीची दोन्ही नावं वैधच आहेत. आपल्याकडे पुणे, मुंबई, नागपूर, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत ही केंद्रं आहेत. गोवा विद्यापीठातही आहे. अर्ज मात्र देशातल्या कोणत्याही केंद्राकडे करता येतो. आपल्या विषयाचा चांगला कोर्स हैदराबादला किंवा वाराणसीला असेल, तर बिनधास्त तिथे अर्ज करावा.

यूजीसीच्या मालवीय मिशन पोर्टलवर आधी शिक्षक म्हणून नोंदणी करायची. मग कोर्सची यादी पाहून त्या त्या केंद्राकडे अर्ज भरायचा. नाव, संस्था, पद आणि विषय भरताना नियुक्ती आदेशातलंच स्पेलिंग वापरा. प्रमाणपत्रावर तेच छापून येतं.

विषयाची निवड विचार करून करा. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला मटेरियल सायन्स, पर्यावरण किंवा नॅनोसायन्सचा आंतरविद्याशाखीय कोर्स सहसा चालतो. तरी किमान एक रिफ्रेशर आपल्या मूळ विषयातलाच असावा, असं माझं आग्रहाचं मत आहे. समितीसमोर प्रश्न उरत नाही, आणि अभ्यासक्रम बदलला की त्या नोट्स थेट वर्गात कामाला येतात.

पात्रता

मानव संसाधन विकास केंद्रांच्या काळातल्या मार्गदर्शक तत्त्वांत रिफ्रेशरसाठी आधी ओरिएंटेशन झालेलं असणं गरजेचं होतं. दोन कोर्समध्ये साधारण एक वर्षाचं अंतर अपेक्षित होतं, पण पदोन्नतीसाठी निकड असेल तर ते शिथिल करता येत असे. रिफ्रेशरची किमान मर्यादा रविवार वगळून १२ कामाचे दिवस आणि ७२ तास अशी होती. केंद्राच्या सूचनापत्रात दिवस आणि तास दोन्ही स्पष्ट लिहिलेले आहेत ना, हे अर्जाआधी पाहून घ्या.

महाविद्यालय यूजीसी कायद्याच्या कलम २ एफ खाली, म्हणजे आयोगाने मान्य केलेल्या महाविद्यालयांच्या यादीत असेल तर काहीच अडचण नसते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना हे कोर्स बंद आहेत असा समज सगळीकडे आहे, आणि तो चुकीचा आहे. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत अर्धवेळ, तात्पुरत्या आणि कंत्राटी शिक्षकांना प्रवेशाची मुभा होती. तीन शैक्षणिक वर्षं शिकवलेलं असावं आणि संस्थेला विद्यापीठाची किमान दोन वर्षांची संलग्नता असावी, एवढीच अट होती. महाराष्ट्रात विज्ञानाच्या प्रयोगशाळांचा मोठा भार हीच मंडळी वाहतात. त्यांना पदोन्नती नसली, तरी शिकण्याचा हक्क आहे. केंद्राचं सूचनापत्र वाचून, समन्वयकांना विचारून त्यांनी जरूर अर्ज करावा, आणि प्राचार्यांनी त्यांना पत्र देताना हात आखडू नये.

कागदपत्रं

नियुक्ती आदेश आणि विद्यापीठाचं मान्यता पत्र ही दोन मूळ कागदपत्रं. त्यांच्यासोबत प्राचार्यांचं ना-हरकत पत्र लागतं, आणि ते लेटरहेडवर, जावक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्क्यासह हवं. नुसती सही असलेलं पत्र परत येतं. आधीच्या ओरिएंटेशनचं प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि फोटो लागतात. लेव्हल ११ किंवा १२ मिळाल्याचा आदेश असेल तर त्याचीही प्रत जोडावी. सगळ्यांचे स्वच्छ पीडीएफ आधीच करून ठेवले की अर्ज अर्ध्या तासात भरून होतो.

ना-हरकत पत्र कोर्स सुरू होण्याआधीच्या तारखेचं असावं. २०१८ च्या विनियमांनुसार ओरिएंटेशन, रिफ्रेशर, परिषदा वगैरेंसाठी शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजा देता येते. ती आधी मंजूर करून घ्या. प्रत्यक्ष जाऊन करायचा कोर्स असेल तर कार्यमुक्ती आदेश आणि परतल्यावर रुजू अहवाल, दोन्ही फाइलला लावा. ऑनलाइन कोर्सलाही रजा घ्यावी. सकाळी वर्गात तास घेतल्याची नोंद आणि त्याच वेळी कोर्सला हजेरी असं दिसलं, तर आक्षेप निघतो आणि तो रास्तच असतो.

विज्ञान अकादम्यांचे कोर्स

याबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण आपल्याकडे ही वाट फार कमी जण धरतात. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, जी सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये स्थापन केली, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी (इन्सा) आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी (नासी) अशा तिघी मिळून शिक्षकांसाठी रिफ्रेशर कोर्स घेत आल्या आहेत. त्यांतला प्रायोगिक भौतिकीचा कोर्स प्रा. आर. श्रीनिवासन यांनी उभा केला. दोन आठवडे शिक्षक स्वतः प्रयोग मांडतो, वाचनं घेतो, मोजमापातल्या त्रुटी काढतो आणि आलेख समजावून सांगतो. उपकरणं कमी खर्चाची असतात. तसाच संच आपल्या महाविद्यालयात उभा करता यावा, हाच त्यामागचा विचार आहे.

आपल्या बी.एस्सी.च्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं तेच प्रयोग चालतात आणि जर्नलमध्ये तेच आकडे उतरतात. पडद्यावरची व्याख्यानं ऐकून हे बदलत नाही. शिक्षकाच्या हाताला सवय झाली की बदलतं. म्हणून ज्यांना एकच कोर्स निवडायचा आहे त्यांनी, घर सोडावं लागलं तरी, असा हाताने करायचा कोर्स निवडावा.

या कोर्सची जाहिरात अकादमीच्या संकेतस्थळावर येते. अर्ज ऑनलाइन भरतात आणि अनेकदा विभागप्रमुख किंवा प्राचार्यांच्या सहीची प्रत समन्वयकाकडे पाठवावी लागते. बाहेरगावच्या निवडलेल्या शिक्षकांची राहण्याजेवण्याची सोय आणि रेल्वेभाडं देण्याची प्रथा आहे. प्रवासाची तिकिटं जपून ठेवा. आपण काय शिकवतो आणि प्रयोगशाळेत काय सुरू करायचं आहे, हे अर्जात चारपाच ओळींत नेमकं लिहा. ‘ज्ञानवृद्धीसाठी’ एवढंच लिहिलेल्या अर्जातून निवड करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

कॅससाठी मात्र जाण्याआधी एक गोष्ट करा. सूचनापत्राची प्रत जोडून महाविद्यालयाच्या आयक्यूएसीला (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला) लेखी विचारा, की हा कोर्स दोन आठवड्यांचा रिफ्रेशर म्हणून धरला जाईल का. उत्तर लेखी घ्या आणि फाइलला लावा. तोंडी होकार पाच वर्षांनी कोणाच्या लक्षात राहत नाही.

अकादम्यांच्या दोन-तीन दिवसांच्या व्याख्यान कार्यशाळा आणि दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिपही शिक्षकांना खुली असते. तिथून शिकायला भरपूर मिळतं, पण त्यांना रिफ्रेशर समजू नका.

‘स्वयम्’ पोर्टलवरचा मूक (MOOC) कोर्स

‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवरचा मूक, म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन कोर्स, ई-प्रमाणपत्रासह पूर्ण केला तर विनियमांना मान्य आहे. नुसते व्हिडिओ पाहून किंवा स्वाध्याय भरून भागत नाही. परीक्षा देऊन मिळालेलं प्रमाणपत्रच लागतं. परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिची मुदत चुकली तर पुढच्या सत्रापर्यंत थांबावं लागतं.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

नाव, विषय, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, श्रेणी आणि समन्वयक व संचालकांच्या सह्या त्याच दिवशी तपासा. कोर्सचा प्रकार ‘रिफ्रेशर’ असाच छापलेला हवा. शीर्षकात नुसतं ‘वर्कशॉप’ असेल तर उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून विचारणा होते. जुन्या मार्गदर्शक तत्त्वांत ५० टक्क्यांखाली गुण मिळाले तर कोर्स पुन्हा करावा लागत असे. त्यामुळे प्रकल्प, चाचणी आणि सादरीकरण वेळेत द्या.

नंतर सेवापुस्तकात नोंद करून घ्या, आयक्यूएसीला प्रत द्या आणि वेळापत्रक, निवडपत्र, ना-हरकत पत्र, रजा मंजुरी आणि प्रमाणपत्र असा एकत्र संच बांधून ठेवा. प्रमाणपत्रात चूक आढळली तर केंद्राला लगेच ईमेल करा आणि दुरुस्त प्रत मागवा. कोर्सचा समन्वयक त्याच जागेवर असेपर्यंत हे काम आठवड्याभरात होतं. तो बदलला की जुनी हजेरीपत्रकं शोधण्यापासून सुरुवात करावी लागते.