पुन्हा पायात आलेली कोल्हापुरी

पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत गेली काही वर्षं एक पेहराव सर्रास दिसतो. खणाची साडी किंवा आजीच्या इरकलीचं शिवून घेतलेलं जाकीट, कानात कुड्या आणि पायात कोल्हापुरी. लग्नाला किंवा पाडव्याला नव्हे, साध्या मंगळवारी, लोकलच्या गर्दीतून आलेल्या बाईच्या अंगावर. जीन्सखाली कोल्हापुरी घालणारा मुलगाही आता कुणाला वेगळा वाटत नाही. त्यात २२ जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये मॉडेल्सच्या पायांत जवळजवळ हीच चप्पल दिसली. सुरुवातीला कोल्हापूरचा उल्लेखच नव्हता. गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, आणि प्रेरणा भारतीय कारागिरांच्या चपलेची होती हे कंपनीला मान्य करावं लागलं.

त्या वादात आपण चोरी आणि अभिमान यांवर भरपूर बोललो. एक गोष्ट मात्र मागे पडली. ही चप्पल याआधीही जुनाट ठरून पायांतून गेली होती, आणि परतही आली होती. दर वेळी ती नव्या पायांत आली आणि दर वेळी रूप थोडं बदलून आली. गिऱ्हाईक तिला पुन्हा पुन्हा मिळत गेलं. आटत गेलं ते तिचं कातडं आणि ते कमावणारे हात. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

मुळात ही चैनीची वस्तू नव्हती. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातली काळी माती, दगडगोटे, बाभळीचे काटे आणि उन्हाळ्यात तापलेली पायवाट यांच्यासाठी केलेलं हे पायताण. जाडजूड तळ, रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना कान, म्हणजे बाहेर आलेल्या पाळ्या, आणि पुढे अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायचं कडं. हातात घेतली की वजन जाणवायचं. कागल तालुक्यातल्या कापशी गावाच्या नावाची कापशी चप्पल आजही प्रसिद्ध आहे, तशी कुरुंदवाडीही. गावोगावची घडण वेगळी असे, आणि जाणता माणूस पायाकडे पाहून मालकाचा मुलूख सांगे.

ती टिकायची ती कातड्याच्या जोरावर. ढोर समाजातली कुटुंबं कातडी कमवायची आणि चर्मकार कुटुंबं चप्पल शिवायची, अशी कामाची वाटणी होती. कातडं आधी चुन्याच्या पाण्यात टाकायचं, म्हणजे केस सुटतात. मग खरवडायचं, धुवायचं. त्यानंतरची रीत अशी: कातडं शिवून त्याची पिशवी करायची, ती टांगायची आणि आत बाभळीची साल व हिरडा घातलेलं पाणी भरायचं. पाणी हळूहळू बाहेर झिरपतं, खाली जमलेलं पुन्हा वरून ओतायचं. पिशवी उलटी करून पुन्हा तेच. पाणी कातड्याच्या आरपार जात असल्यामुळे ते नुसतं वरवर रंगत नाही, आतपर्यंत पिकतं. सगळं मिळून काही आठवडे जातात. वास उग्र, हात कायम ओले, आणि हे काम करणाऱ्यांची वस्ती गावाबाहेर.

मग रापीने कापणी, आरीने भोकं, आणि वादीने, म्हणजे कातड्याच्याच दोरीने, शिवण. अस्सल चपलेत खिळा नसतो. तळाला म्हशीचं जाड कातडं, पट्ट्यावरच्या वेणीला शेळीचं मऊ. कापायचं आणि ठोकायचं काम बहुतेक पुरुषांकडे, वेणी विणायचं आणि बारीक शिवणीचं बायकांकडे. दुकानात चपलेचं नाव होतं ते त्या वेणीमुळे, आणि वेणी करणारीचं नाव कुठेच नसतं. तळाच्या दोन थरांमध्ये ‘विंचू’ नावाचा तुकडा बसवला की चालताना करकर आवाज येतो. तालमीतला पैलवान फेटा बांधून, करकरत्या चपला घालून रस्त्याने निघाला की घरातल्यांना न पाहता कळायचं कोण चाललंय. तो आवाज मुद्दाम मागून घेतला जाई.

या चपलेची कथा कानडी मुलखाशिवाय सांगता येत नाही. बाराव्या शतकातल्या कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणमध्ये, बसवण्णांच्या (बसवेश्वरांच्या) शरणांमध्ये, म्हणजे अनुयायांमध्ये, हरळय्या नावाचे चर्मकार होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने स्वतःच्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा करून बसवण्णांना अर्पण केल्या, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण घरातल्या मुलीशी झालं आणि त्यावरून कल्याणमध्ये रक्त सांडलं, असं परंपरा सांगते. हे मी मुद्दाम इथे आणते आहे, कारण या कारागिरीचा सर्वांत जुना आठवणीतला धागाच जातीच्या प्रश्नाशी बांधलेला आहे.

आपण पादुकांवर डोकं ठेवतो, पालखीत पादुका मिरवतो. त्याच समाजात वहाणा शिवणाऱ्याच्या पायांत वहाणा चालत नव्हत्या. महाराष्ट्रातल्या आणि उत्तर कर्नाटकातल्या कित्येक गावांत दलितांना सवर्णांच्या आळीतून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागत. म्हणून जुना पेहराव सगळ्यांसाठी सारखाच गोड नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं की लुगडं नीट, इतर बायका नेसतात तसं नेसा, आणि जात ओळखू येईल असे जड दागिने टाकून द्या. स्वतः बाबासाहेब आयुष्यभर सूट-बुटात वावरले. ज्यांच्या आजोबांना चप्पल हातात घेऊन चालावं लागलं, त्यांच्या घरात पॉलिश केलेला काळा बूट हीच मानाची फॅशन होती, आणि ती तशी असणं अगदी योग्य होतं. जुनं ते सोनं म्हणत कोल्हापुरी मिरवणाऱ्या आपण सगळ्यांनी हे ठाऊक असू द्यावं. चप्पल घालावीच, पण तिचा हा भाग वगळून नको.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी, १८९४ ते १९२२ या त्यांच्या राजवटीत, या धंद्याला राजाश्रय दिला. शिक्षण, नोकऱ्या आणि वसतिगृहं यांबरोबर हातातल्या कसबाला बाजार मिळावा, हीही त्यांची दृष्टी होती. पुढे शहरातल्या चर्मकार वस्त्या आणि शिवाजी चौकाजवळची ‘चप्पल लाईन’ यांनी कोल्हापूरचं नाव चपलेला कायमचं चिकटवलं. खरं तर चपला घडत होत्या अथणी, निपाणी, मिरज, सातारा अशा कितीतरी ठिकाणी.

पहिला मोठा धक्का बसला तो कारखान्यात होणाऱ्या बूट-चपलांचा. बाटाने १९३०च्या दशकात कलकत्त्याजवळ बाटानगर उभं केलं आणि रबराचा तळ स्वस्तात घराघरांत पोचला. नंतर टायरच्या चपला आल्या, हवाई स्लीपर आली. पावसात भिजली तरी चालते, तेल लागत नाही, किंमत कमी. शेतकऱ्याने कोल्हापुरी सोडली यात त्याची काही चूक नाही. रोजच्या वापराची वस्तू असते ती गरजेसाठी, आणि गरज दुसरीकडे स्वस्तात भागली. पुणेरी जोडा तर असाच गेला: पगडी-उपरणं गेलं, त्याबरोबर लाल चामड्याचा तो टोकदार जोडाही गेला. आता तो लग्नात नवरदेवाच्या पायांत किंवा नाटकाच्या कपडेपटात दिसतो. त्याला परतीची वाट सापडली नाही.

कोल्हापुरीला सापडली, आणि ती दोन दिशांनी. साठ-सत्तरच्या दशकांत भारतात फिरायला आलेल्या हिप्पींनी ही चप्पल पायात घातली आणि युरोप-अमेरिकेत नेली. अंगठ्याची चामडी सँडल म्हणून ती तिकडे खपू लागली आणि निर्यात वाढली. त्याच सुमारास इकडे खादीचा झब्बा, खांद्याला शबनम आणि पायात कोल्हापुरी हा चळवळीतल्या तरुणांचा, पत्रकारांचा, प्रायोगिक नाटकवाल्यांचा जवळजवळ गणवेश झाला. शेतकऱ्याने नाइलाजाने सोडलेली वस्तू शहरातल्या शिकलेल्या मुलाने विचारपूर्वक उचलली. शहरी गिऱ्हाइकासाठी तळ पातळ झाला, कान लहान झाले, पट्टा नाजूक झाला. बायकांसाठी रंगीत वेण्या आणि गोंडे आले. कापशी पायताणाला आणि लक्ष्मी रोडवरच्या नाजूक चपलेला शेजारी ठेवलं तर एकाच घरातल्या दोन पिढ्या आहेत हे सांगावं लागेल, इतका फरक पडला.

आताची लाट तिसरी. तिच्यात चप्पल एकटी आलेली नाही, कपडेही बरोबर आले. जुन्या कपड्यांची आपली व्यवस्था पूर्वी पक्की होती. लुगडं विरलं की गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं. जे राहील ते बोहारणीला देऊन पातेलं घ्यायचं. जरीच्या साड्या तर जरीतल्या चांदीसाठी वितळवणाऱ्यांकडे गेल्या, आणि त्यात उत्तमोत्तम पैठण्या गेल्या. साडी जपून पुन्हा नेसायची ही कल्पना मध्यमवर्गात रुजली ती अलीकडे, घरोघरी कपाटं भरून वाहू लागल्यावर.

खणाचं उदाहरण यात सर्वांत बोलकं आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण म्हणजे चोळीचं कापड, म्हणून पन्हा अरुंद. घरोघरच्या आज्यांच्या अंगात तो रोज असे, आणि त्यांच्या सुनांनी ब्लाउज शिवताना तो टाकून दिला. गेल्या दहाएक वर्षांत त्याची साडी निघाली, त्यासाठी रुंद पन्ह्याचं विणकाम सुरू झालं, मग पर्स, कुर्ते, जाकिटं आणि चक्क कोल्हापुरीचे पट्टेही. काही जणांना हा अतिरेक वाटतो. मला वाटत नाही. खणाला रोजच्या अंगावर जागा मिळाली म्हणून माग चालू राहिले. नुसता ओटीत घालायचा म्हणून किती खपला असता?

चपलेच्या बाबतीत मात्र मागणी वाढून पुरत नाही, कारण कातडं कमावणारे कमी झाले आहेत. बाभळीच्या सालीत आठवडे घालवण्यापेक्षा क्रोमचं, रसायनांनी झटपट कमावलेलं चामडं बाजारातून आणणं सोपं आहे. ते मऊ असतं, पण कोल्हापुरीचा ताठ तळ त्यातून होत नाही. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीच्या कातड्याला बंदी नाही, तरी एकूण पुरवठा आटला, वाहतूक करणाऱ्यांना धास्ती बसली आणि भाव चढले, असं कारागीर सांगतात. दुसऱ्या बाजूने रेक्झिनच्या, खिळे ठोकलेल्या नकला ‘कोल्हापुरी’ म्हणून फुटपाथवर निम्म्या भावात आहेत. कारागिराच्या मुलाने हे सगळं पाहून दुसरी नोकरी धरली तर त्याला कोण अडवणार?

२०१९ मध्ये चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते एकट्या कोल्हापूरचं नाही: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. सीमावादात इतकी वर्षं भांडणाऱ्या दोन राज्यांनी एका चपलेवर एकत्र हक्क सांगितला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. प्राडाच्या वादानंतर त्याच मानांकनाचा आधार घेऊन बोलणी झाली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं तसंच महामंडळ लिडकर यांच्याशी प्राडाचा करार झाला. त्यानुसार या दोन राज्यांत सुमारे २,००० जोड बनवायचे ठरले. एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. महाराष्ट्राच्या महामंडळाने क्यूआर कोड लावलेल्या चपलाही काढल्या आहेत, म्हणजे फोन धरला की ती कुठे, कुणी केली हे दिसतं. वेणी करणारीचं नाव त्यात येणार असेल तर या साऱ्या धडपडीतलं ते सर्वांत चांगलं काम ठरेल.

रोज घालायची म्हणून घेणाऱ्यांसाठी थोडं. नवी कोल्हापुरी चावते, अंगठ्याजवळ आणि पट्ट्याखाली. पट्ट्याला आतून आणि तळाला तेल पाजून रात्रभर ठेवायची, मग घरात तास-दोन तास घालून फिरायचं. हळूहळू तळावर तुमच्याच पावलाचा ठसा उमटतो, आणि त्यानंतर ती दुसऱ्या कुणाच्या पायाला नीट बसत नाही. पावसाळ्यात ती घालू नये. झाडांच्या सालीत कमावलेलं कातडं भिजलं की फुगतं आणि वाळताना आकसतं, शिवाय बुरशी धरते. मृगाच्या आधी पुसून, तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवावी. चुकून भिजलीच तर सावलीत वाळवावी, उन्हात नाही. घेताना तळ उलटा करून पाहावा, शिवणीला वादी हवी. अंगठा तुटला तर कोपऱ्यावरचे चर्मकार काका नवी वादी घालून देतात. घाईत असाल तर ते खिळा ठोकू का विचारतील, तेव्हा नको म्हणा आणि चप्पल त्यांच्याकडे ठेवून या: खिळा गंजतो, त्याच्याभोवती कातडं चिरतं, आणि मग पुन्हा शिवायला धड जागा उरत नाही.