‘पारंपरिक’ म्हणून खपलेलं गाणं

लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या १९६९च्या पहिल्या अल्बममधलं ‘बेब आय ॲम गॉना लीव्ह यू’ हे जुनं, निनावी लोकगीत आहे, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. ऐकणाऱ्यांचा दोष नाही. रेकॉर्डवरच ‘पारंपरिक, संयोजन जिमी पेज’ असं छापलं होतं. बँडचा गिटारवादक असलेल्या पेजने ते अमेरिकन लोकगायिका जोन बाएझच्या १९६२च्या लाइव्ह रेकॉर्डवर ऐकलेलं, आणि तिथेही रचणारीचं नाव नव्हतं.

प्रत्यक्षात गाणं ॲन ब्रेडन या बाईंचं, १९५०च्या दशकाच्या अखेरीस रचलेलं. म्हणजे ‘परंपरा’ जेमतेम दहा वर्षांची! झेपलिनने ते गायल्याचं बाईंना कळलं तेच मुळी १९८०च्या दशकात. १९९०पासून श्रेयात पेज आणि बँडचा गायक रॉबर्ट प्लांट यांच्याबरोबर त्यांचंही नाव येतं. थकलेली रॉयल्टीही मिळाली.