सरासरी गुण म्हणजे शिकवण्याचा दर्जा नव्हे

अमेरिकेतील सार्वजनिक मिडल स्कूलांबाबत (साधारण सहावी ते आठवीच्या सरकारी शाळांबाबत) एक समज वर्षानुवर्षे टिकून आहे: जिथे गरीब किंवा स्थलांतरित कुटुंबांतील मुले जास्त आणि चाचणीतील सरासरी गुण कमी, तिथले शिक्षकच कमी पडतात. हा समज चुकीचा आहे आणि मेहनती शिक्षकांवर अन्याय करणाराही आहे.

गुणांतील तफावतीचा मोठा भाग मुलांच्या कौटुंबिक परिस्थितीशी जोडलेला असतो, हे १९६६ च्या कोलमन अहवालानेच, म्हणजे समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अमेरिकी शाळांच्या सरकारी पाहणीनेच, दाखवून दिले होते. सरासरी गुण मूल कुठे पोहोचले ते सांगतात. त्याने सुरुवात कुठून केली, हे सांगत नाहीत. सहावीत आलेली एखादी मुलगी तिसरीच्या पातळीचे वाचत असेल आणि वर्षअखेरीस पाचवीच्या पातळीवर पोहोचली, तर तिने एका वर्षात दोन वर्षांची मजल मारलेली असते. तरीही निकालपत्रकात तिची नोंद ‘अपेक्षित पातळीखाली’ अशीच होते.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या गटाचे आकडे तर अधिकच जपून वाचावे लागतात, कारण भाषेवर प्रभुत्व मिळवलेली मुले कालांतराने त्या गटातून वगळली जातात आणि त्यांच्या जागी नवशिकी मुले येत राहतात, त्यामुळे गटाची सरासरी कमीच दिसत राहते. म्हणून पालकांनी सरासरीआधी प्रत्येक गटातील मुलांची वर्षागणिक प्रगती पाहावी.